सोळा हजारांचा फ्लॅट, तळमजल्याचं पाणी आणि बाकीची पत्रं

जून आला की या कॉलमच्या पत्रांचा विषय मला पाकीट न उघडताच कळतो. शाळा सुरू, नव्या नोकऱ्या सुरू, अकरा महिन्यांची अॅग्रीमेंटं संपलेली, आणि बडोद्यातला अर्धा मराठी माणूस कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनला "इथे काही भाड्याने आहे का हो" विचारत उभा. यंदाही तेच. भाड्यावर आलेल्या पत्रांतली चार घेते. पहिल्याला जास्त जागा देणार आहे, कारण त्या एका पत्रात दहा जणांचे प्रश्न आहेत.

प्रश्न: काकू, नमस्कार. मी मूळचा जळगावचा, तीन वर्षं झाली बडोद्यात, मकरपुरा जीआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. लग्नाला दीड वर्ष झालं. सध्या दांडिया बाजारात जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, भाडं ६,५००, पण संडास खाली आणि जिना असा की सिलिंडर वर चढवताना दरवेळी आमचं भांडण होतं. बायकोला गोत्रीतला एक टू बीएचके आवडलाय, सेमी फर्निश्ड, १६,००० भाडं, १,५०० मेंटेनन्स वेगळा. माझं पॅकेज ५ लाख ४० हजारांचं, हातात ३८,००० येतात. ती रावपुऱ्यात प्ले स्कूलमधे शिकवते, चालत जाते, १२,००० मिळतात. सासरे म्हणतात पगाराच्या तीस टक्क्यांपर्यंत भाडं चालतं, तसा नियमच आहे, आणि दोघांचं मिळून धरलं तर आम्ही साधारण बसतो त्यात. मोठा भाऊ म्हणतो भाडं म्हणजे पाण्यात पैसे, लोन काढ. तीस टक्के सीटीसीवर, म्हणजे पूर्ण पॅकेजवर, धरायचे की हातात येणाऱ्यावर? जास्त भाडं दाखवलं तर एचआरएमुळे, म्हणजे घरभाडे भत्त्यामुळे, टॅक्स वाचेल का? दलाल रोज फोन करतोय.
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर: सगळ्यात आधी दलालाचा फोन दोन दिवस उचलू नका. "बीजी पार्टी तैयार छे, आजे ने आजे टोकन आपी दो" हे वाक्य मी या गावात तीस वर्षं ऐकतेय आणि ती दुसरी पार्टी मला अजून एकदाही दिसलेली नाही.

आता तुमच्या सासऱ्यांचा नियम. त्यांचा मान ठेवून सांगते, तो नियम त्यांचाही नाही आणि आपला तर नाहीच नाही. अमेरिकेत १९६९ साली एडवर्ड ब्रूक नावाच्या सिनेटरने कायद्यात एक दुरुस्ती करून घेतली, की सरकारी घरात राहणाऱ्या गरीब कुटुंबाकडून त्याच्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त भाडं घ्यायचं नाही. मग १९८१ मधे सरकारी खर्च कापायची टूम निघाली तेव्हा तेच २५ चे ३० झाले. म्हणजे बघा, सरकारने घरमालक म्हणून स्वतःला घालून घेतलेली मर्यादा होती ती, आणि २५ वरून ३० वर गेली ती भाडेकरूला झेपतंय म्हणून नाही, सरकारला परवडत नव्हतं म्हणून. तोच आकडा फिरत फिरत मोबाइलवरच्या सल्ल्यांत आला आणि आता गोत्रीच्या फ्लॅटला लागू होतोय. त्याच्याही आधी तिकडे एक जुनी म्हण होती, आठवड्याचा पगार म्हणजे महिन्याचं भाडं, ती मला त्यातल्या त्यात बरी वाटते, निदान मोजायला कॅल्क्युलेटर लागत नाही.

टक्केवारीत मुळातच एक गडबड आहे. १८६८ मधे बर्लिनच्या हेर्मान श्वाबे नावाच्या आकडेतज्ज्ञाने तिथल्या लोकांचे पगार आणि भाडी मांडून दाखवलं होतं की कमाई जेवढी कमी तेवढा भाड्याचा वाटा मोठा. साधी गोष्ट आहे, पण टक्के सांगणारे ती विसरतात. दोन लाखवाल्याने चाळीस टक्के भाड्यात घातले तरी त्याच्याकडे एक लाख वीस हजार उरतात, मजेत राहील तो. वीस हजारवाल्याने तेच केलं तर १२,००० उरले, त्यात दूध, गॅस, रिचार्ज, गावी पाठवायचे, आणि पोराला ताप आला तर डॉक्टर. टक्के दोघांचे सारखेच. म्हणून मी भाडं पगारातून मोजतच नाही, मी उरणाऱ्या पैशातून मोजते. तसं तुमचं करून बघूया.

आधी सीटीसीचा प्रश्न संपवते. ५ लाख ४० हजार म्हणजे महिना ४५,०००, बरोबर? त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ साधारण २,७००, तुमच्या वाट्याचा २,७००, ग्रॅच्युइटीचे हजार-अकराशे, प्रोफेशनल टॅक्स २००, मेडिक्लेमचे दोन-तीनशे, असं जाऊन ३८,००० हातात येतात. या ४५,००० चे तीस टक्के १३,५०० होतात आणि ३८,००० चे ११,४००. मधले २,१०० तुमच्या हातात कधी येतच नाहीत, मग ते घरमालकाला कुठून देणार? पीएफ ऑफिस काही तुमच्या वतीने भाडं भरायला येणार नाही. तुम्ही "साधारण बसतो" म्हणताय ते ४५ आणि १२ मिळून ५७,००० वर, त्याचे तीस टक्के १७,१००. हातातल्या ५०,००० वर धरा, १५,००० होतात, आणि फ्लॅट आहे साडेसतराचा. आवडलेल्या घराला आकडे पण आवडीचेच सापडतात.

आता वही घ्या, खरी कागदाची, आणि भाडं सोडून बाकी सगळं लिहा. तुम्ही पत्राबरोबर खर्चाची चिठ्ठी पाठवलीत हे फार बरं केलं. किराणा-दूध-भाजी ९,०००, गावी आईबाबांना ५,०००, बाइकचा हप्ता ३,२००, एसआयपी आणि एलआयसी मिळून ३,०००, लाइट आणि गॅस १,८००, पेट्रोल १,५००, फोन आणि नेट १,२००. बेरीज २४,७००. ३८,००० मधून वजा केले की १३,३००. इथेच बहुतेक लोक थांबतात आणि इथेच फसतात. कारण गणपती, दिवाळी, जळगावची चार तिकिटं, भाचीचं बारसं, बाइकचा इन्शुरन्स, एक चष्मा, हे महिन्याला येत नाही म्हणून चिठ्ठीत नाही, वर्षाला मात्र येतंच. ते ३०,००० धरा, म्हणजे महिना २,५००. उरले १०,८००. तुमच्या एकट्याच्या पगारावर घराला इतकेच आहेत.

बायकोचे १२,००० मी मुद्दाम अजून धरले नाहीत. राग मानू नका दोघांनीही. प्ले स्कूलची नोकरी, मे महिन्यात पगार देतात का ते आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी देत नाहीत, आणि उद्या बाळ होणार असेल तर तोच पगार आधी थांबतो आणि खर्च तेव्हाच वाढतो. तिच्या पगारातला पाव भाग, ३,०००, भाड्याला जोडा आणि बाकीचे ९,००० वेगळ्या खात्यात टाका. म्हणजे घराला सगळं मिळून १३,८००. सगळं मिळून म्हणतेय मी, नुसतं भाडं नाही.

हे का सांगते तर आम्ही हाच घोळ केला होता. १९९८ मधे, कारेलीबागेत. दोघांचे मिळून ९,००० यायचे आणि ३,२०० चं घर घेतलं, मोठं, हवेशीर, सहा खिडक्यांचं. घर बघायला जाताना खिडक्या किती छान वाटतात, पण प्रत्येक खिडकी पडदा मागते. आम्ही चार खिडक्यांना पडदे शिवले आणि बाकी दोनचं पुढच्या महिन्यात बघू म्हटलं आणि पुढच्या महिन्यात ह्यांच्या कारखान्यात पगार लटकला, एक नाही चार महिने. त्या दोन खिडक्यांना मी वर्तमानपत्र चिकटवलं होतं, दुपारी ऊन आलं की भिंतीवर उलट्या अक्षरांत छोट्या जाहिराती दिसायच्या, त्यातल्या "भाड्याने देणे आहे" वाल्या मला पाठ झाल्या होत्या. शेवटी डिपॉझिटमधूनच दोन महिन्यांचं भाडं कापून घ्या म्हणून मालकांना सांगावं लागलं, माणूस भला होता म्हणून ऐकलं.

तर गोत्रीचा फ्लॅट. त्याची शेपटी मोजूया. भाडं १६,०००, मेंटेनन्स १,५००. दलाल एका महिन्याचं भाडं घेणार, ते अकरा महिन्यांत वाटलं तर महिना १,४५० (अकरा महिन्यांनी मालकाने वाढवलं आणि तुम्ही निघालात तर परत नवा दलाल, परत तेच). तुमचं मकरपुरा शहराच्या एका टोकाला आणि गोत्री दुसऱ्या, पेट्रोल साडेतीनशेने वाढेल. बायको आज चालत जाते, उद्या शेअर रिक्षाचे महिना हजार. सेमी फर्निश्डमधे एसी आहे ना? आहे म्हणजे लागणारच, वर्षाची सरासरी काढली तर महिना आठशे. झाले २१,१००. पाचशे-हजार इकडेतिकडे, पण तुमच्या १३,८०० पासून किती लांब आहे ते दिसतंय. आणि यात दोन महिन्यांचं डिपॉझिट ३२,०००, टेम्पो, पंखे, गीझर, पडदे काहीच नाही.

पण म्हणून त्या जिन्यावरच रहा असं मी म्हणणार नाही. संडास खाली असलेल्या घरात, पावसाळ्यात, रात्री, बाईमाणसाने किती दिवस काढायचे. तुमच्या बायकोचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, फ्लॅट फक्त चुकीचा आहे. मांजलपूर, तरसाली बाजूला टेनामेंटचा, म्हणजे स्वतंत्र घराचा, वरचा मजला बघा, स्वतंत्र जिना असलेला, मालक खाली राहणारा. दहा-अकरा हजारांत सापडतात, मेंटेनन्सचं लचांड नसतं, आणि तुम्ही डबा विसरलात तर घरी येऊन घेऊन जाल इतकं जवळ. ११,००० भाडं, अर्ध्या महिन्याची दलाली धरली तर महिना पाचेकशे, तिच्या रिक्षाचे हजार, तुमचं पेट्रोल उलट कमी होईल. १२,१०० च्या आसपास बसतंय, म्हणजे १३,८०० च्या आत, थोडा श्वास घ्यायला जागा ठेवून. एक करा, वरचा मजला म्हणजे डोक्यावर गच्ची, मे महिन्यात भट्टी होते. लाइट बिल आपल्याकडे दोन महिन्यांचं येतं, तर मालकांकडून एप्रिल-मेचं जुनं बिल मागून बघा. गेल्या डिसेंबरचं दाखवतील, ते नको म्हणा.

एचआरएचं दोन ओळींत. एचआरएची सूट फक्त जुन्या टॅक्स पद्धतीत मिळते. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला टॅक्स लागत नाही, पगारदाराला वर ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन. तुमचा पगार बघता टॅक्स मुळात शून्य आहे, शून्यातून काय वाचवणार? आणि जास्त भाडं दाखवायच्या खोट्या पावत्या वगैरे कुणी सुचवत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

आता मोठे भाऊ. ३५ लाखांचा फ्लॅट धरा, २८ लाख लोन, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता २४,३०० च्या आसपास. त्यात पहिल्या महिन्याचं नुसतं व्याज किती? १९,८३३. भाडं पाण्यात म्हणतात ना, हे कुठे गेलं मग? वर पदरचे ७ लाख, स्टँप ड्युटी ४.९ टक्के म्हणजे १,७१,५००. घर घ्यायचं तेव्हा जरूर घ्या, बायकोच्या नावावर घ्या, गुजरातेत बाईच्या नावावर दस्त असला की रजिस्ट्रेशनची एक टक्का फी माफ होते. पण ते पाच-सहा वर्षांनी. ते वेगळ्या खात्यातले ९,००० कशाला टाकायला सांगतेय मी?

प्रश्न: आमच्या मुलासाठी समा भागात घर बघतोय. एकाच बिल्डिंगमधे तळमजला ९,००० आणि दुसरा मजला १२,०००. लिफ्ट नाही. माझे गुडघे बघता तळमजलाच बरा वाटतो आणि ३,००० पण वाचतात. मालक म्हणतात पाणी एकदाच आलं होतं. घ्यावं का?
– एक वाचक

उत्तर: ऑगस्ट २०२४ मधे विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी आहे २६. त्याच्या पाच वर्षं आधी, ३१ जुलै २०१९ ला, एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला होता. तेव्हा "एकदाच" हा शब्द जरा तपासून घ्या. मालक खोटं बोलतात असं नाही, त्यांच्या डोक्यात शेवटचं तेवढंच राहिलंय.

३,००० गुणिले बारा, वर्षाचे ३६,०००. आता तळमजल्यावर एकदा कंबरभर पाणी आलं तर फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्या, कपाटाचा खालचा खण, आणि बाहेर उभी स्कूटर. ३६,००० त्यात कुठे विरघळले कळणार नाही. आणि पाण्याबरोबर मगर आली तर ती भाड्यात धरलेली नाही (बाहेरगावच्या वाचकांना हा विनोद वाटेल, बडोदेकरांना वाटणार नाही).

घर बघायला गेलात की भिंतीकडे बघू नका, भिंत रंगवलेली असते. त्यातल्या त्यात खालचा तीन-चार फूट रंग नवा आणि वरचा जुना असेल तर तिथेच समजा. खालच्या स्विचबोर्डाचे स्क्रू बघा, गंजलेत का. स्वयंपाकघरात ओट्याखालच्या कपाटाचं प्लायवूड बोटाने दाबा, फुगलेलं असलं की पापुद्रा सुटतो. दाराच्या चौकटी खालून काळ्या पडल्यात का. आणि सगळ्यात खात्रीचं म्हणजे समोरच्या किराणावाल्याला विचारा, पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं. तो हात करून दाखवतो, तोच हात मालकांच्या शब्दापेक्षा खरा.

गुडघ्यांचं खरं आहे. पण राहणार मुलगा, तुम्ही महिन्याला चार दिवस. नदीपासून लांब, उंचावरच्या भागात तळमजला शोधा, १०-११ हजारांत मिळाला तरी घ्या, मधले दीड-दोन हजार मी इन्शुरन्सचा हप्ता समजेन. समामधेच राहायचं असेल तर दुसरा मजला.

प्रश्न: काकू मी २३ वर्षांची आहे, पहिली नोकरी, हातात १८,००० येतात. फतेहगंजला पीजीत राहते, ८,५०० देते, दोन वेळचं जेवण, वायफाय, वॉशिंग मशीन सगळं त्यात. ऑफिसातली एक सिनियर म्हणाली तू वेडी आहेस, पगाराच्या ४७ टक्के भाडं देतेस. दोन मैत्रिणी निजामपुऱ्यात फ्लॅट घेऊ म्हणतात, १३,५०० चा, म्हणजे माझ्या वाट्याला ४,५००. मग घेऊ ना?
– वाचक, फतेहगंज

उत्तर: थांब जरा. तुझे ८,५०० हे भाडं नाहीच, ते भाडं, जेवण, लाइट, नेट सगळ्याचं गाठोडं आहे आणि सिनियरने सगळं गाठोडं भाड्याच्या तराजूत टाकलं. फ्लॅटचे ४,५००, त्यावर टिफिन ८० रुपये धरला तर दोन वेळचे महिन्यात सव्वीस दिवस ४,१६०, सकाळचा चहा-नाश्ता आठशे, लाइटचा वाटा सहाशे, नेट तीनशे. १०,३६० झाले, कामवाली अजून धरलीच नाही. आणि डिपॉझिटच्या वाट्याचे ९,००० आधी मोजायचे ते वेगळेच.

हो, तिघी मिळून स्वयंपाक केला तर फ्लॅट स्वस्त पडेल, नक्की पडेल. मग आधी ठरवा भांडी कोण घासणार, आणि महिनाभर एकत्र राहायच्या आधी एक रविवार एकत्र स्वयंपाक करून बघा, तेवढ्यात बरंच कळतं. तिघींपैकी एक लग्न ठरून गेली तर तिचे ४,५०० उरलेल्या दोघींवर येतात, अॅग्रीमेंट कुणाच्या नावावर ते पण बघ.

पैशासाठी बदलत असशील तर बदलू नकोस. पण पीजीचं गेट रात्री दहाला बंद होत असेल आणि नवरात्रीत नऊ दिवस तू खोलीत बसून लाउडस्पीकरवर गरबा ऐकणार असशील, तर ते वेगळं कारण झालं आणि मला ते पटतं. पीजीवाल्या बाईंना आत्ताच विचार, नवरात्रीत गेट किती वाजता. ऑक्टोबरमधे विचारून उपयोग नाही.

प्रश्न: मी ६६ वर्षांची, एकटी. मांजलपूरला आमचं टेनामेंट, खाली मी राहते, वर चार वर्षांपासून एक जोडपं भाड्याने आहे. १२,००० देतात, कधी तारीख चुकली नाही. शेजारच्यांना वरच्या मजल्याचे १५,००० मिळायला लागले. अकरा महिने या ऑगस्टला पुरे होतात. मी पण १५ सांगावे का? त्यांचा पगार काय ते मला माहीत नाही, विचारणं बरं दिसत नाही.
– वाचक, मांजलपूर

उत्तर: (दांडिया बाजारवाल्यांनो, पत्ता मागू नका, देणार नाही.)

ताई, पगार विचारू नका, गरजही नाही. तुमचाच हिशोब करू. १५ केले आणि ते राहिले तर वर्षाला ३६,००० जास्त. १५ केले आणि ते निघाले तर? नवे मिळेपर्यंत घर दोन महिने रिकामं धरा, २४,००० गेले. चार वर्षं राहिलेल्या घराला रंग लावल्याशिवाय कुणी येत नाही, १८,००० तरी लागतात. अर्ध्या महिन्याची दलाली ७,५००. एकूण ४९,५००. आणि त्याच्यानंतर जे येतील ते तारखेला देतील का, रात्री बाराला वर टेबलं सरकवतील का, काही माहीत नाही. शेजारच्यांना १५ मिळाले हे खरं असेल, पण त्यांचं घर मधे किती महिने रिकामं होतं ते त्यांनी सांगितलंय का तुम्हाला?

दुसऱ्या बाजूने बघा. पहिल्या पत्रातल्या मुलासारखं कुणी वर राहत असेल तर त्याला एकदम ३,००० म्हणजे त्याच्या वहीतली अख्खी एसआयपी. तो गप्प बसून घर शोधायला लागेल आणि तुम्हाला शेवटच्या महिन्यात सांगेल. १३,००० सांगा, आठ टक्क्यांच्या वर वाढ झाली ती, काही कमी नाही. ऑगस्टची वाट बघू नका, आत्ता जूनमधेच सांगा म्हणजे त्यांनाही बसवायला वेळ मिळतो. अॅग्रीमेंट नवं करताना अकरा महिन्यांचंच करा, एक वर्षाच्या वर गेलं की १९०८ च्या रजिस्ट्रेशन कायद्याने दस्त नोंदवणं बंधनकारक होतं, म्हणून सगळे अकरा करतात. त्यात दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस, रंगाचा खर्च कुणाचा, आणि पुढच्या वेळी वाढ किती, तिन्ही लिहून टाका, म्हणजे पुढच्या जूनमधे मला पत्र लिहायला नको. डिपॉझिट दोन महिन्यांच्या वर मागू नका, केंद्राने २०२१ मधे जो भाडेकरू कायद्याचा नमुना केला त्यातही राहत्या घराला दोनच महिने आहेत.

आणि सांगायला वर जाऊ नका, त्यांना खाली चहाला बोलवा. सेव-उसळ केली तर साडेतेराही सांगून बघता येईल.